गोळी आणि दूध

सकाळी आठ वाजता सिस्टरने खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजोबांना गोळी दिली. पाठोपाठ आजींनी दुधाचा ग्लास त्यांच्या ओठांना लावला. दूध दाट होतं. ताकद यावी म्हणून आजी इथे आल्यापासून त्यात प्रोटीनची पावडर घालत.

सिस्टरच्या मागे फार्मासिस्ट बाई उभ्या होत्या. कुणाला कोणतं औषध कसं दिलं जातं ते पाहायचं आणि टिपून घ्यायचं, एवढंच त्यांचं काम. औषधांतल्या चुका कागदोपत्री सापडत नाहीत, म्हणून रुग्णालयाने हा मार्ग काढला होता. वॉर्डात त्यांचं नाव पडलं होतं ‘कॅमेरा’.

“यांना दुसरा उद्योग नाही का गं?” आजी सिस्टरला म्हणाल्या. “माझी सासूसुद्धा इतकं टक लावून बघत नव्हती.”

“बघू दे हो आजी,” सिस्टर हसली. आतून ती धास्तावलेलीच होती.

आजोबांना कंपवात होता. घरी ते हळूहळू का होईना, चालायचे. न्यूमोनिया झाला म्हणून इथे आणलं. तो बरा झाला, पण अंग लाकडासारखं ताठ झालं. शर्टाची गुंडी लागेना, पाऊल उचलेना. कंपवात बळावला, असं डॉक्टरांचं मत होतं. आजोबांना घरी सोडायचं की शुश्रूषा केंद्रात ठेवायचं, हे डॉक्टर उद्याच्या राउंडला ठरवणार होते. घरी आजी एकट्याच होत्या. आजोबांना उचलणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं.

फेरी संपल्यावर कॅमेराने सिस्टरला बाजूला घेतलं.

“गोळी बरोबर, वेळ बरोबर. पण दुधाबरोबर का?”

“आजी प्रेमाने देतात. मी कशाला अडवू?”

“कंपवाताच्या त्या गोळीला आणि प्रोटीनला शरीरात एकाच दारातून जायचं असतं. प्रोटीन धटिंगण आहे. गोळीला बाहेरच उभं करतं.”

सिस्टरचा चेहरा उतरला. तो ग्लास तिच्या डोळ्यांसमोर रोज रिकामा होत होता, आणि तिला ते कौतुकाचं वाटत होतं.

“माझं नाव लिहिलंत?”

“नाव लिहायचंच नसतं, चूक लिहायची. आणि तोंड काय पाडतेस? आजार वाढलाच नसेल कदाचित. गोळीच पोचत नसेल.”

सिस्टरने सांगितलं तेव्हा आजींनी मात्र ते मनाला लावून घेतलं. “म्हणजे मीच जखडून ठेवलं यांना,” एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आठ वाजता सिस्टरने गोळी साध्या पाण्याबरोबर दिली आणि दूध तासाभराने द्यायचं म्हणून झाकून ठेवलं. आजी थांबल्याच नाहीत. खाली बागेतल्या बाकावर जाऊन बसल्या. बोलावणं पाठवलं, तरी येईनात.

दहा वाजता डॉक्टर राउंडला आले. खिडकीजवळची खाट रिकामी होती. चादर बाजूला सारलेली, चपला गायब.

“पेशंट कुठे आहे?”

“खाली गेलेत, सर. आजींची समजूत काढायला.”

“व्हीलचेअर तर इथेच आहे.”

“नको म्हणाले. वॉर्डातल्या मावशी आहेत सोबत.”

डॉक्टरांनी कॅमेराकडे पाहिलं. मग ते खिडकीपाशी जाऊन खाली वाकून बघू लागले.

दोघं अजून वर आलेले नाहीत.