इंदुताईंच्या हातची कॉफी

पेला आज पुन्हा अर्धा भरलेलाच परत आला. सीमंतिनीने तो मोरीत रिकामा केला आणि नळ जोरात सोडला. बाहेर ऐकू गेलं तर जाऊ दे.

सहा आठवडे हेच चाललं होतं. सासरे, गुरुप्रसाद आचार्य, पेपर बाजूला ठेवून पहिला घोट घ्यायचे, क्षणभर थांबायचे, मग आणखी दोन-तीन घोट सभ्यपणे संपवून पेला ट्रेमध्ये ठेवून द्यायचे. बोलायचे काहीच नाहीत. बोलले असते तर तिला भांडता तरी आलं असतं.

आचार्यांचं घर मूळचं धारवाडकडचं. ग्वाल्हेरला तीन पिढ्या झाल्या, कानडी मागे पडली, मराठीत हिंदी मिसळली, पण सकाळी घरात चहा शिरला नाही. पितळी फिल्टरच्या वरच्या भांड्यात पूड, खालच्यात थेंब थेंब उतरणारा दाट काढा, त्यात कढत दूध आणि पेल्यातून वाटीत उंचावरून ओतून आणलेला फेस. हे खातं सासूबाईंचं, इंदुताईंचं. त्या न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि फिल्टर सीमंतिनीच्या हातात आला.

ती ग्वाल्हेरच्याच माधवगंजातली. माहेरी आल्याचा चहा. पण ही सबब चालण्यासारखी नव्हती, कारण इंदुताईही इथल्याच, किला गेटजवळच्या चहा पिणाऱ्या मराठी घरातल्या. तरी लग्नानंतर आठ दिवसांत त्यांनी अशी कॉफी केली की त्यांच्या कडक सोवळ्याच्या सासूने दुसरा पेला मागितला. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती.

सीमंतिनीने काही करायचं बाकी ठेवलं नाही. दाल बाजारातली पूड बदलली, मग बेंगळुरूहून मागवली. चिकोरी कमी केली, वाढवली. दूधवाला बदलला. रोज इंदुताईंच्या पलंगाशी बसून विचारलं. त्या एकदा म्हणाल्या, पूड चांगली दाबून बसव. दोन दिवसांनी म्हणाल्या, दाबायची कशाला, सैलच बरी. पाणी उकळतं हवं की जरा निवलेलं, असं विचारल्यावर त्यांनी खिडकीकडे मान फिरवली आणि गोळीची वेळ झाली का ते विचारलं.

त्या मुद्दामच सांगत नाहीत, अशी सीमंतिनीची खात्री होत चालली. अंथरुणाला खिळलेल्या बाईकडे घरातली तेवढी एकच गोष्ट उरली होती. ती त्या कशाला सोडतील?

एका पहाटे ती उठून आली तर सासरे स्वयंपाकघरात उभे. हातात फिल्टर. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, द्या इकडे. मी आहे ना."

त्यांनी मुकाट्याने फिल्टर तिच्या हातात दिला आणि ते बाहेर गेले. त्या दिवसापासून तिने गजर अर्धा तास अलीकडे आणला. राघवला, नवऱ्याला, हे सांगितलं तर तो लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "छोड़ ना यार. एक कॉफीच तर आहे."

मग धारवाडहून शांताताई आल्या. सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, भावजयीला बघायला म्हणून. पहिल्याच सकाळी त्यांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या की परक्या घरातून येऊन इंदूने या घराची कॉफी राखली, आता पुढे काही खरं दिसत नाही. गुरुप्रसाद पेपरमागे होते. पेपर हलला नाही.

त्या दिवशी सीमंतिनीने ती शिकवायची त्या शाळेत तिसरीतल्या एका मुलीला विनाकारण रडवलं. तास संपल्यावर तिला स्वतःचीच इतकी चीड आली की डबा तसाच घरी परत आणला. संध्याकाळी तिने राघवला सांगितलं की सिटी सेंटरकडे दोन खोल्यांचा फ्लॅट बघून ठेवलाय, महिनाअखेरीस ती तिकडे राहायला जाणार. त्याने यायचं की नाही ते त्याने ठरवावं. राघवने या वेळी लॅपटॉप बंद केला.

दुसऱ्या सकाळी तिने फिल्टर लावलाच नाही. सरळ इंदुताईंच्या खोलीत गेली. शेजारच्या खोलीत शांताताई पूजेला बसल्या होत्या, त्यांचं पुटपुटणं भिंतीतून ऐकू येत होतं.

सीमंतिनी उभ्यानेच बोलली. जाणार असल्याचं सांगितलं. माझा हातच वाईट असेल, म्हणाली, ते मी मान्य करते. पण सहा आठवडे मी रोज तुमच्यापाशी येऊन विचारत होते आणि तुम्ही रोज वेगळं सांगत होता.

"मी तुमचं काय वाकडं केलं होतं, एवढंच सांगा."

इंदुताईंनी दाराकडे पाहिलं. "ते आधी लोटून घे."

तिने दार लोटलं. इंदुताईंनी तिचा हात धरून तिला पलंगावर बसवलं. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्या रागावतील अशी तयारी करून आलेली सीमंतिनी गोंधळली.

"मी तुला फसवलं नाही ग," त्या म्हणाल्या. "सुचेल ते सांगत गेले. म्हटलं, एखादं तरी बरोबर निघेल."

"म्हणजे?"

"नवी होते तेव्हा कॉफी जमेना म्हणून मला माहेरी परत धाडायची बोलणी चालली होती. आणि सासूबाईंच्या राज्यात पुरुषांनी चुलीपाशी जायचं नाही." पलीकडचं पुटपुटणं थांबलं, तशा त्याही थांबल्या. ते पुन्हा सुरू झाल्यावर त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "त्रेचाळीस वर्षं, सगळे उठायच्या आत, कॉफी हेच करून ठेवत आलेत. मी नुसता ट्रे बाहेर नेला."