दोन दिवसांचा एक

आबांचं आठवडाभर एकच चाललं होतं. "घरात बसून कुठं नोकरी हुती व्हय रं? म्हशी विकतो, तू जा गुमान पुण्याला."

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना एकट्याला चार म्हशी झेपत नव्हत्या. म्हणून रुजू व्हायच्या आधीच मी कंपनीच्या मॅडमना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि घरून काम मागितलं.

"तीन दिवस घरून करा, दोन दिवस ऑफिसला या," त्या म्हणाल्या. "पण मागं आवाज कसला येतोय?"

खोटं काय बोलायचं? "कडबाकुट्टी हाय, मॅडम. आबा वैरण कापतायत."

गोठ्यातलं मशीन खाडकन बंद झालं.

"कामाच्या वेळात हा आवाज नाही चालणार, जयराज."

म्हशींना वैरण तर रोजच लागणार.

तेवढ्यात आबा लंगडत खिडकीशी आले, डोकं सगळं भुशानं भरलेलं. "मॅडम, उद्यापास्नं कुट्टी सातच्या आत उरकतो."

मॅडम हसल्या. "मग ठरलं."

आबा काही खिडकीतनं हलेनात.

"आवं मॅडम, तेवढं त्या दोन दिवसांचा एक हुतोय का बघा की."