रेंज असंल तितं

नीरेकाठच्या खडकवस्तीवर मोबाईलला रेंज नव्हती, त्यामुळं रेशन दुकानातलं मशीन कुणाचा अंगठा घेत नव्हतं. अंगठा नाही म्हणून धान्य नाही, असे दोन महिने गेले. दुकानदार हिंदुराव म्हणायचे, "माझ्या हातात काय हाय? मशीन म्हणंल तसं."

तिसऱ्या महिन्यात वस्तीवरच्या जयवंताबाईंनी हिंदुरावांना मशीन घेऊन ट्रॅक्टरवर बसायला लावलं. मागं ट्रॉलीत वस्तीची चाळीस माणसं चढली. गेणूआबांना चालता येत नव्हतं, त्यांना दोघांनी उचलून वर घेतलं. ट्रॅक्टर थांबला तो थेट तालुक्याच्या कचेरीसमोर. बाईंनी व्हरांड्यातल्या बाकावर मशीन ठेवलं आणि पहिला अंगठा गेणूआबांचा लावला. मशीननं तो लगेच घेतला.

गलका ऐकून तहसीलदार साहेब बाहेर आले. "हे काय चाललंय? रेशन दुकान आहे का हे?"

"न्हाय," जयवंताबाई म्हणाल्या, "पण रेंज हितंच हाय."

"बाई, टॉवरसाठी अर्ज द्या. मी वर कळवतो."

"तीन येळा दिला. दर येळंला तुमीच म्हणाला, ऑनलाइन भरा."

रांग पुढं सरकत राहिली. चाळिसावा अंगठा झाल्यावर बाईंनी मशीन हिंदुरावांच्या हातात दिलं आणि त्या साहेबांकडं वळल्या.

"पुढच्या महिन्यापतोर वस्तीवर टावर आला, तर तुमी चहाला या. न्हाय आला, तर आमी येतोच."