परत येण्याचं कारण

मुंबईतली व्हिसाची मुलाखत परवावर आली, तरी बनाबाईंना एका प्रश्नाचं उत्तर काही जमेना. घोडेगावच्या घरात पिठाच्या डब्याला फोन टेकवून त्या समोर बसायच्या, उठायच्या, पदर सारखा करून पुन्हा बसायच्या. तिकडं अमेरिकेत त्यांचा मुलगा कपिल सरावापुरता व्हिसा ऑफिसर झाला होता.

"परत कशासाठी येणार?"

"नातीला सोडून कशाला परत येऊ?"

"आई! असं बोललीस तर खिडकीवरनंच परत पाठवतील. व्हिजिटर व्हिसा म्हणजे पाहुणा. तुला गावाकडं ओढून आणणारं काहीतरी आहे, हे त्यांना पटलं पाहिजे."

"शेळ्या हायेत की."

"शेळ्या विकता येतात. माणूस सांग, माणूस!"

"तू गेल्यावर माणूस कोण ऱ्हायलंय रं हितं?" बनाबाई पुन्हा उठल्या, उगाच दारापर्यंत जाऊन आल्या. "तू शिकायला गेलास, तवा तुला बी इचारलं व्हतं का हे?"

"हो. स्टुडंट व्हिसालाही विचारतात."

"मंग तू काय सांगितलं व्हतंस? मी बी तेच सांगते."

रेंज गेली असं वाटून बनाबाईंनी फोन उचलून हलवला.



"आई गावी एकटी आहे, असं सांगितलं होतं."