रिकामा खिळा

"टोकन लटकव आधी," धोंडबांनी नातीचं बोट धरून ठेवलं. "मग पाण्यात पाय."

आल्या आल्या त्यांनी काठावरच्या बाभळीत खिळा ठोकला होता. पाच वर्षांच्या पायलनं टाचा उंचावून चार नंबरची पितळी चकती त्याला अडकवली आणि शिवनाथ नदीच्या उथळ पाण्यात बापाशेजारी छपछप सुरू केली.

संघमित्राचा जीव मात्र भिलाई सोडल्यापासून टांगणीला होता. "नदीवर कावून? बागेत जाऊ," ती नवऱ्याला म्हणाली होती. पण पियूषला डोंग्यात बसायचं होतं, नदीकाठी ताजा मासा खायचा होता, मोहाची वाईन चाखायची होती. आता त्याचा ग्लास वाळूत रोवलेला होता आणि तिचे डोळे ग्लासवरून लेकीवर, लेकीवरून ग्लासवर फिरत होते.

"मामाजी, घोट्याइतक्या पाण्याले टोकन?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

"पाणी अन् गॅस सारखेच, पोरी. दगा कुठं आहे ते दिसत नाही."

भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये, कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर चौतीस वर्षं काढलेला माणूस. आत जाताना टोकन खिळ्यावर, बाहेर आल्यावर ज्याचं त्यानं काढायचं. दुसऱ्याच्या टोकनाला हात लावायचा नाही. खिळा रिकामा, म्हणजे सगळे बाहेर. निवृत्तीनंतर हथखोजच्या लेथवाल्याकडून त्यांनी घरच्यांसाठीही चकत्या करून घेतल्या होत्या. त्यांचं स्वतःचं जुनं टोकन काळ्या दोऱ्यात गळ्यात असायचं.

"तुमचं कधी लटकणार बाबा?" पियूषनं चिडवलं.

"मले पोहता येत नाही बाप्पा. मी काठावरचा माणूस."

चुलीवरून करपल्याचा वास आला. डोंगेवाला कवडू लाकडं आणायला गेला होता. "पायलकडे पाहा हं," पियूषला बजावून संघमित्रा मासे उलटवायला गेली.

वळली, तर पाण्यात कोणी नव्हतं. पियूष आपलं टोकन काढून वर आला होता, ग्लास भरत होता.

"पायल कुठाय?"

"इथंच तं होती..."

तिनं बाभळीकडे पाहिलं. खिळ्यावर चार नंबर.

कवडूनं लाकडं टाकली आणि डोंगा लोटला. पियूष हाका मारत खालच्या अंगाला धावला. संघमित्रा वरच्या अंगाला, बेशरमाच्या झुडपांतून. "मामाजी, गावात जा, माणसं आणा!" ती पळता पळता ओरडली. मागून काही उत्तर आलं की नाही, तिला कळलं नाही. ओढणी फाटली, पायांत काटे भरले. गढूळ पाण्यात तरंगणारी प्रत्येक फांदी तिला फ्रॉकसारखी दिसत होती.

"ए दाई, नोनी इहां सुते हे!" वळणापलीकडून कवडूची हाक आली.

काठावर उलट्या पडलेल्या जुन्या डोंग्याखाली, सावलीत, पायल गाढ झोपली होती.

संघमित्रानं तिला आधी एक थप्पड लगावली, मग छातीशी धरून ती हमसून रडली.

"मी तर लपली होती," पायल मुसमुसत म्हणाली. "बाबा शोधलेच नाही."

लेकीला कडेवर घेऊन संघमित्रा तडक बाभळीपाशी गेली. खिळ्यावरचं पितळ न पाहताच ओरबाडून पर्समध्ये कोंबलं. "झाला मामाजींचा प्लांट! आता कोणी पाण्यात जायचं नाही, अन् टोकन नाही."

पियूष धापा टाकत आला. लेकीचे मुके घेऊन झाल्यावर त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "बाबा?"

"मी गावात पाठवलं त्यांले."

त्यानं सवयीनं खिळ्याकडे नजर टाकली. रिकामा होता. "मग येतील," तो म्हणाला आणि मटकन वाळूत बसला.

गाव तर हाकेच्या अंतरावर आहे, कवडू म्हणाला, इतका वेळ?

"चहा पिऊन राहिले असतील. कोणाले तरी कोक ओव्हन समजावून राहिले असतील," पियूष हसला. सुटका झाल्यासारखं सगळेच हसले. कवडूनं पानावर तांदळाचे वाफवलेले फरे, टमाटरची चटणी आणि मासा वाढला. "घे, तूही घे घोटभर. आज माफ," पियूषनं ग्लास पुढं केला. संघमित्रानं घेतला. गोडसर, धुरकट घोट. सकाळपासून पहिल्यांदाच ती नदीकडे पाठ करून बसली होती.

"आई, आजोबाचा चष्मा."

पायल बाभळीच्या मुळापाशी उभी होती. रुमालाची घडी, तिच्यावर मिटून ठेवलेला चष्मा.

"विसरले वाटते," संघमित्रा म्हणाली. तिनं तो घेतला आणि आत ठेवायला पर्स उघडली. तळाशी पितळावर पितळ वाजलं. तिनं हात घालून बाहेर काढलं.

एकावर चार नंबर होता. दुसरं झिजून गुळगुळीत झालेलं होतं, काळ्या दोऱ्यासकट.