तिसरा ठोका

"तांडेलाक आयकाक येणा नाय, मगे बोट तेच्या हातात कशी देवची?" खलाशांनी जान्हवीला विचारलं. तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, तिचे आबा होते. ते मात्र म्हणत, "माका सगळा आयकाक येता."

जान्हवीने कॉम्प्युटरला दोन छोटे स्पीकर आणि खर्जाचा, दणदणणारा सबवूफर जोडला. मोबाइलवर टिपलेला बोटीच्या इंजिनाचा आवाज लावला. आबांनी सबवूफरवर हात टेकून डोळे मिटले.

"आपलाच इंजिन. तिसरो ठोको चुकता."

"तांडेलाचो कान अजून तिखट आसा," दारातला खलाशी हसला.

जान्हवी त्या टेकलेल्या हाताकडे पाहत होती. तिने फक्त सबवूफरचं बटण शून्यावर आणलं. छोट्या स्पीकरांतून इंजिन खणखणीत वाजतच होतं.

डोळे मिटूनच आबा म्हणाले, "बंद कित्याक केलंस गो?"