ठकीचा बिछाना

साहेब लढाईवर गेला आणि त्याने आफ्रिकेतून आणलेली चिंपांझीची मादी महिन्याभरात झुरून मेली. मळवलीच्या त्या बंगल्याची राखण करणाऱ्या महिपतीनेच तिला मागच्या अंगाला पुरली. त्याची बायको नंदाबाई तिला ठकी म्हणायची, पोटच्या पोरीसारखी भरवायची. त्यांना मूलबाळ नव्हतं.

ठकीची एक खोड होती. दिवस कलला की झाडावर चढायची, फांद्या वाकवून, पाला दाबून नवा बिछाना करायची. शिळ्या बिछान्यावर ती कधी निजली नाही.

पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी फाटकाजवळच्या फणसावर ताजा बिछाना दिसला. महिपतीने तो मोडून टाकला. मग तो विहिरीवरच्या जांभळीवर दिसला. मग थेट त्यांच्या खोपटासमोरच्या आंब्यावर.

महिपतीने दिवसभर घाव घालून तो आंबा पाडला. आता खोपटाजवळ एकही झाड उरलं नव्हतं. दिवेलागणीला तो निर्धास्त मनाने घरात शिरला.

आत जमिनीवर आंब्याच्या डहाळ्यांचा हिरवागार बिछाना होता. नंदाबाई शेजारी बसून थोपटत होती, आणि तिच्या हाताखालचा पाला संथपणे वरखाली होत होता.

"नंदे, कोन हाय तितं?"

"हळू बोला, आत्ता कुटं डोळा लागलाय," ती म्हणाली. "झाड तुमीच तोडलंत. मग कुटं जाईल ती?"